घोळ म्हणावी तर फूल पिवळं नाही: वाफ्यात पसरलेली ही वनस्पती कोणती?

परसातली_मेथी, परभणी

वाफ्यात न लावता उगवलेल्या एका वनस्पतीचं नाव हवंय.

घरामागे परस आहे, जमीन भारी काळी. मेच्या अखेरीस वांगी-मिरचीच्या दोन वाफ्यांत मिळून चार घमेली शेणखत मिसळलं. जूनच्या पहिल्या पावसानंतर आठवडाभरात वाफाभर बारीक रोपं उगवली. खुरपायचं राहून गेलं आणि आता पाचव्या आठवड्यात मिरचीची आळीसुद्धा दिसेनाशी झालीत.

जमिनीला चिकटून चारी अंगांनी पसरते, एकेका झाडाचा घेर दीड फुटापर्यंत. खोड मांसल, उन्हाकडची बाजू लालसर. पान जाडसर, टोकाकडे रुंद-गोल, देठाकडे निमुळतं. सकाळी नऊच्या सुमारास सांध्यात पांढरट-गुलाबी फूल उघडलेलं दिसतं, अगदी लहान, आणि त्याला देठ असा नाहीच. पण वाफ्याच्या एका कोपऱ्यात पिवळी फुलंही आहेत. एकाच झाडाला दोन रंगांची फुलं येतात का?

मोबाईलमधल्या ॲपनं दोन फोटोंना घोळ म्हटलं, तिसऱ्याला पुनर्नवा. शेजारच्या मावशी घेटुळी म्हणतात, वर ‘भाजी होते की हिची’ असंही सांगतात. बाजारातल्या घोळीशी ताडून पाहिलं तर पानं जरा पातळ वाटतात.

वाफ्याला बोअरचं पाणी देतो, एका कडेनं न्हाणीचं पाणीही झिरपतं. तर हे नेमकं काय आहे, खाण्याजोगं आहे का, आणि मिरचीची मुळं न दुखवता काढायचं कसं?


खुरपं_आणि_भिंग, अंबाजोगाई

फुलांच्या रंगाचा तुमचा प्रश्नच उत्तराकडे नेतो. जमिनीलगत पसरणाऱ्या या गोतावळ्यात एकाच झाडावर पिवळं आणि गुलाबी अशी दोन्ही फुलं नसतात. म्हणजे वाफ्यात एक वनस्पती नाही, किमान दोन आहेत. फांद्या एकमेकींत गुंतल्यात म्हणून एक वाटतेय. पिवळ्या फुलाची घोळ असावी. बिनदेठाचं पांढरट-गुलाबी फूल मात्र खापऱ्याचं दिसतंय. शास्त्रीय नाव ट्रायन्थिमा पोर्चुलाकॅस्ट्रम. घोळीचं नाव पोर्चुलाका ओलेरॅसिया, आणि ‘पोर्चुलाकॅस्ट्रम’ म्हणजे ‘घोळीसारखं दिसणारं’. नाव ठेवणाऱ्यालाच साम्य खटकलं होतं, तिथं ॲप फसलं तर नवल नाही.

मावशींचं नाव चूक नाही, पण त्यानं ओळखही पटत नाही. घेटुळी, वसू, खापरा, पुनर्नवा ही नावं आपल्याकडे दोन निराळ्या वनस्पतींना सर्रास लावतात. एक हा ट्रायन्थिमा आणि दुसरी खरी पुनर्नवा, बोऱ्हाविया डिफ्यूजा, जी गुलबक्षीच्या कुळातली आहे. एका गावात ज्याला वसू म्हणतात त्याला दुसऱ्या गावात खापरा. म्हणून नाव विचारून भाजी करायची नाही, झाड पाहून करायची.

फोटो तूर्त बाजूला ठेवा. उभ्यानं वरून काढलेल्या फोटोत या सगळ्या सारख्याच दिसतात, कारण ओळखीच्या खुणा देठाच्या तळाशी आणि सांध्यात असतात. एक पांढरं ताट घ्या. पिवळ्या फुलाची, गुलाबी फुलाची आणि आणखी जी जी वेगळी वाटेल तिची सहा-सात इंचांची एकेक फांदी तोडून ताटात सुटी सुटी मांडा.

आधी खोड मोडा. नुसतं पाणी किंवा बुळबुळीत पारदर्शक रस आला तर पुढं जा. पांढरं दूध आलं तर ती नायटी, म्हणजे युफोर्बिया. तिची पानं बारीक, पातळ, मुगाच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसतात. तो हात डोळ्याला लावू नका, चिकानं डोळ्याची चांगलीच आग होते. दूध आलं की झाड विषारी, असा सरसकट नियम मात्र करू नका. पाथरीलाही दूध येतं आणि ती आपण भाकरीबरोबर कच्ची खातो. पण पाथरी पसरली तरी तिची पानं मुळ्यासारखी बुडाशी चक्राकार असतात, गोंधळ व्हायचं कारण नाही. चटईसारख्या पसरणाऱ्या बारीक पानाच्या झाडाला दूध आलं, तर ती घोळ नाही एवढं पक्कं.

मग पानांच्या जोड्या पाहा, फांदीच्या मधल्या भागावरच्या. खापऱ्याची पानं समोरासमोर असतात आणि प्रत्येक जोडीत एक मोठं, एक लहान. ही जोडी एकदा डोळ्यांत बसली की पाच फुटांवरून खापरा ओळखता येतो. घोळीची पानं बहुतेक एकाआड एक असतात. शेंड्याशी मात्र चार-पाच पानं गोळा होऊन फुलीसारखी दिसतात, आणि लोक नेमकं तेच पाहून ‘समोरासमोर आहेत’ म्हणतात.

खात्रीची खूण देठाच्या तळाशी आहे. खापऱ्याच्या पानाला चांगला लांब देठ असतो आणि त्याचा तळ पसरट होऊन पातळ पापुद्र्यानं खोडाला वेढतो. त्याची एक छोटी पिशवी होते. फूल त्या पिशवीत बसलेलं असतं, म्हणून तुम्हाला त्याचा देठ दिसत नाही. बाभळीच्या काट्यानं पापुद्रा हलकेच फाडला की आत हिरवं बोंड दिसेल. घोळीला अशी पिशवी नसते आणि पान जवळजवळ देठाशिवाय खोडावर टेकलेलं असतं.

बोंडाचा घोटाळा आधीच सांगून ठेवतो. दोन्हींचं बोंड डबीसारखं उघडतं, वरचं झाकण गोल कापल्यासारखं निघतं. ‘झाकण निघालं म्हणजे घोळ’ असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच आहे. घोळीचं झाकण टोकदार टोपीसारखं, आत बी पुष्कळ, खसखशीहून बारीक, काळं आणि चकचकीत. खापऱ्याचं झाकण वरून चापट, त्याला दोन बारीक शिंगं. आत बी मोजकंच, मोहरीएवढं, मंद काळं, अंगावर सुरकुत्या. एखादं-दोन बी त्या झाकणातच अडकून त्याच्याबरोबर गळतं.

घोळीचं फूल सकाळी ऊन चढलं की उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. खापऱ्याचंही सकाळचंच. तेव्हा नऊ ते अकराच्या मध्ये पाहा आणि काय दिसलं ते इथं लिहा.


गोदाकाठ, नांदेड

पुनर्नवा वगळायला एवढं पुरे: तिचं फूल गडद गुलाबी-जांभळट, टाचणीच्या डोक्याएवढं, आणि पानांपासून दूर, बारीक लांब दांड्यांवर असतं. सांध्याच्या आत नाही. फळ चिकट, पाच कंगोऱ्यांचं, परसात फिरलं की पायजम्याला लागून येतं. पान मांसल नसतं, खालून पांढरट, कडा नागमोडी. जोडीतली पानं लहान-मोठी तिचीही असतात, म्हणून केवळ त्या एका खुणेवर जाऊ नका.

कुणी ‘पुनर्नवा आहे, मूतखड्यावर चालते’ म्हणून वाफ्यातली मुळं वाळवायला निघालं असेल तर थांबवा. पांढरी पुनर्नवा या नावाखाली ट्रायन्थिमाही विकली जाते आणि दोन्हींचे गुण एक नाहीत.


परसातली_मेथी, परभणी

आज सकाळी साडेनऊला पाहिलं. ताटात तीन प्रकार निघाले.

पहिला, वाफ्याचा बहुतेक भाग याच्याच ताब्यात आहे. पानं समोरासमोर, मोठं पान अंगठ्याच्या पेराहून मोठं, समोरचं त्याच्या निम्मं. देठाच्या तळाशी पापुद्रा आहे. काट्यानं फाडला तर हिरवं बोंड आणि त्यावर दोन टोकं. दुसऱ्या एका पिकलेल्या बोंडातून पाच काळं बी निघालं, सुरकुतलेलं. खोड मोडलं तर पाणी.

दुसरा कोपऱ्यातला, न्हाणीच्या बाजूला. पिवळं फूल, पाच पाकळ्या, पानं जाड, बिनदेठाची, खोड गुळगुळीत. बोंडाला टोकदार टोपी, बी मोजता येणार नाही इतकं.

तिसरा लक्षातच आला नव्हता. या दोन्हींच्या खालून गेलेला, तारेसारखी लाल बारीक फांदी, पानं इवलीशी. मोडलं तर पांढरं दूध.


खुरपं_आणि_भिंग, अंबाजोगाई

म्हणजे खापरा, घोळ आणि नायटी, असे तिघं. पाच बी, दोन टोकांचं झाकण आणि पापुद्रा हे सगळं जुळल्यावर खापऱ्याबद्दल शंका उरत नाही.

खाण्याचं सांगतो. खापऱ्याची अगदी कोवळी पानं काही भागांत भाजीत घालतात, त्यामुळे मावशी खोटं बोलत नाहीत. पण जून पाल्यानं पोट बिघडतं, जुलाब लागतात. तुमची झाडं पाच आठवड्यांची आणि बोंडं धरलेली, म्हणजे जूनच. ती खाऊ नका.

घोळ खरी आहे, पण तीही या वाफ्यातली नको. ती न्हाणीच्या पाण्यावर वाढलीय, पानं जमिनीवर लोळतात, साबणाचं पाणी अंगावर घेतात, आणि ते सगळं धुऊन निघेल याची खात्री नाही. शिवाय खालून नायटी गेलीय. घोळीच्या जुडीत नायटीची एक फांदी येणं ही नेहमीची चूक, कारण दोन्हींचं खोड लालसर असतं आणि आपण मूठभर उपटतो.


भाकरीपुरता_संसार, लातूर

वरच्या सल्ल्याशी सहमत, फक्त लोकांनी घोळच टाकून देऊ नये म्हणून लिहितोय. बोअरच्या पाण्यावरची, रस्त्यापासून आणि फवारणीपासून लांबची घोळ उत्तम भाजी आहे.

फूल येण्याआधीचे चार-पाच इंचांचे शेंडे खुडा. मुळासकट उपटलेली जुडी घेतली तर रेती जात नाही. तीन-चार पाण्यांतून काढा, शेवटच्या पाण्यात तळाशी माती बसली नाही की झालं. निवडताना एकेक फांदी मोडून दूध येत नाही ना हे पाहा, पाव किलोला पाच मिनिटं लागतात.

घोळीत ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असतं. मूतखडा झालेल्यांनी टाळावी, इतरांनीही रोज खाऊ नये. उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं शिजवून ते पाणी ओतून दिलं की विरघळणारं ऑक्झलेट बऱ्यापैकी निघून जातं. दही-ताकातल्या कॅल्शियमनंही ते बांधलं जातं, म्हणून ताकातलं गरगट ही नुसती चवीची गोष्ट नाही. पाव किलो घोळीला अर्धी वाटी भिजवलेली मूगडाळ, पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, हाटून घ्या, शेवटी दोन चमचे शेंगदाण्याचा कूट. चिंच घालू नका, घोळ मुळातच आंबट. पाण्याचा ताण बसलेली घोळ सकाळी तोडली तर जास्त आंबट लागते, कारण ती रात्री हवा घेऊन आम्ल साठवते आणि दिवसा ते वापरते. आंबट नको असेल तर संध्याकाळी तोडा.

शेळ्या असतील तर उपटलेलं टोपलंभर तण उपाशी शेळ्यांपुढं एकदम टाकू नका. घोळ आणि खापरा दोन्हींत ऑक्झलेट आहे, रिकाम्या पोटी भरपूर खाल्लं तर जनावर आडवं होतं.


तणकट, जालना

काढण्याबद्दल.

तणनाशकाचं नाव कुणी सुचवील, ते ऐकू नका. सगळं मारणारं औषध मिरचीच्या पानावर एक शिंतोडा उडाला तरी मिरची जाते, आणि निवडक औषधं परसातल्या मिसळ लागवडीसाठी नसतातच.

पाऊस उघडल्यावर वाफसा येऊ द्या. चिखलात उपटलं तर काळ्या मातीचं ढेकूळ मिरचीच्या मुळांसकट वर येतं. वाळलेल्या भुईत उपटलं तर खोड तुटतं आणि मूळ खालीच राहतं. या दोन्हींच्या मधली वेळ एक-दोन दिवसांची असते, ती चुकवू नका.

या तणांचा पसारा मोठा पण सगळ्या फांद्या एका बुडख्यातून निघतात. पसारा हातानं गोळा करत मधलं बूड शोधा, खुरप्याचं टोक तिरकं घालून बुडख्याच्या एक इंच खाली सोटमूळ कापा आणि सगळा पसारा चटईसारखा गुंडाळून उचला. मिरचीच्या खोडापासून सहा इंचांच्या आत ओढायचं नाही, फक्त कापायचं, कारण मिरचीची बारीक मुळं वरच्या थरातच असतात. खापरा उचलताना शेजारी जुनी पोती अंथरा आणि त्यावरच ठेवा. बोंडं पिकलेली आहेत, नुसत्या हिसक्यानं झाकणं उडून बी सांडतं.

उपटलेलं कुठं टाकता यावर पुढचा हंगाम ठरतो. घोळ उपटून वाफ्याच्या बांधावर टाकली तर मरत नाही. खोडातल्या पाण्यावर तग धरते, हिरवी बोंडं पिकवते, आणि ओल लागली की तुकड्यांना मुळं फुटतात. मेमध्ये पत्र्यावर चार दिवसांत वाळेल, जुलैच्या ढगाळीत नाही. बोंडं धरलेलं सगळं काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, काळा लगदा होईपर्यंत. कंपोस्टच्या खड्ड्यात नको, घरगुती खड्डा तेवढा तापत नाही. बोंडं न धरलेली झाडं खड्ड्यात चालतील.

नंतर खोल खणू नका. घोळीचं बी बारीक, वरच्या सेंटिमीटरभर मातीतून आणि उजेड लागला तरच उगवतं. खोल खणलं की खाली पडून राहिलेलं बी वर येतं. वरवर खरवडा आणि सोयाबीनच्या भुसकटाचा तीन इंच थर द्या, मिरचीच्या खोडाभोवती दोन इंच मोकळी जागा सोडून. भुसकट खोडाला चिकटलं तर पावसात बुंधा सडतो.

खापरा उगवल्यापासून तीन-चार आठवड्यांत फुलतो. म्हणून पंधरवड्यातून एक हात फिरला पाहिजे. महिन्यानं फिरवलेला हात बी पडून गेल्यावरचा.

बी आलं कुठून, तर बहुतेक शेणखतातून. जनावराच्या पोटातून गेलं तरी बरंचसं बी जिवंत राहतं, अर्धकच्च्या खतात तर राहतंच. पुढच्या वेळी खत घातल्यावर लगेच रोप लावू नका. वाफा भिजवा, आठ-दहा दिवस तण उगवू द्या, अर्धा इंच खोल खरवडून टाका, मग लागवड. अशी फसवी उगवण दोनदा केली तर निम्म्याहून जास्त काम हलकं होतं. मेमध्ये ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे ताणून माती तापवता येते, पण घोळीचं बी त्यालाही चिवट आहे, त्यावर विसंबू नका.


खुरपं_आणि_भिंग, अंबाजोगाई

एक पुरवणी. कुणाला तज्ज्ञाकडून नाव पक्कं करून घ्यायचं असेल तर फूल आणि बोंड दोन्ही असलेली फांदी न्या, नुसती पानं नेऊ नका. परभणीत तर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठच आहे, इतरांना जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र. फांदी प्लॅस्टिकच्या पिशवीत नेली तर दुपारपर्यंत घाम येऊन पानं गळतात, ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. वाळवून ठेवायची असेल तर घोळीसारखी मांसल झाडं कागदात दाबल्यावरही आठवडाभर वाढत राहतात. आधी उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून काढा, पाणी टिपा, मग कागदात दाबा आणि पहिले चार दिवस कागद रोज बदला.


परसातली_मेथी, परभणी

वाफसा आल्यावर काढायला घेतो. जाता जाता एक. अंगणातल्या फरशीच्या फटीत घोळीसारखंच पण अगदी लहान पानाचं आहे. दूध येत नाही. फूल पिवळंच, पाकळ्या चार मोजल्या. प्रत्येक सांध्यावर पांढऱ्या केसांचा झुपका आहे, भिंगाशिवायही दिसतो. पानं समोरासमोर, जोडीतली दोन्ही सारखी. तिथं न्हाणीचं पाणी येत नाही.


भाकरीपुरता_संसार, लातूर

चिवळ! पोर्चुलाका क्वाड्रिफिडा. चार पाकळ्या आणि सांध्यावरचे केस, दोन्ही खुणा तुम्हीच दिल्यात. घोळीची धाकटी बहीण, भाजी तशीच होते, ऑक्झलेटचं पथ्यही तेच. फटीतली मुळासकट ओढू नका. चार-चार इंचांच्या फांद्या कापा, पसरट कुंडीत निम्मी माती निम्मी वाळू घालून त्यावर आडव्या ठेवा, सांधे बोटानं मातीत दाबा आणि वरून चिमूटभर वाळू टाका. मुळं सांध्यांतूनच फुटतात. पहिला आठवडा फक्त शिंपडून पाणी. कुंडी पावसाच्या धारेखाली ठेवू नका, सडते.